क्लोराइडचं इलेक्ट्रोड आठ महिने वापरून: पानाचा आकडा किती खरा

आधीच सांगतो, वस्तू वाईट नाही. पण डब्यावर "अचूकता ±2%" छापलंय ना, तेवढं वाचून कुणी ऑर्डर टाकत असेल तर जरा थांबा. आठ महिने झाले मी हे क्लोराइडचं आयन इलेक्ट्रोड (मिठातलं क्लोराइड द्रावणात किती आहे ते मोजायची, बुडवायची कांडी) जवळपास रोज बुडवतोय, पानाच्या अर्कात, बोअरच्या पाण्यात, एकदा तर चहात पण (कप आणि बीकर शेजारी होते, माझीच चूक), म्हणून सविस्तर लिहितो.

आमची जालना जिल्ह्यात अंबड रोडला माती-पाणी तपासायची छोटी लॅब. येणारे जास्त करून मोसंबीवाले, थोडे द्राक्षवाले. उन्हाळा लागला की बोअर खाली जातात, पाणी मचूळ होतं आणि मग पिशवीत करपलेली पानं घेऊन माणसं येतात, सर हे खारानं झालं का औषधानं. नुसतं पान बघून ठामपणे सांगणारे गावात लई असतेत, मला नाही जमत. शेंड्यापासून करपलं तर क्लोराइडचा संशय घ्यायचा, कडेनं करपलं तर सोडियमचा, असं म्हणतात खरं पण एप्रिलच्या उन्हात दोन्हीकडून करपलेलं पान समोर आलं की सगळं ज्ञान पातळ होतं. त्याला आकडाच लागतो. आता क्लोरीन झाडाला मुळात लागतंच, ते आवश्यक अन्नद्रव्य आहे हे 1954 साली कॅलिफोर्नियात टोमॅटोवर सिद्ध झालेलं आहे, पण लागतं अगदी चिमूटभर आणि आपल्याकडं पाण्यातून येतं टोपलंभर. फ्लोरिडातल्या लिंबूवर्गीय फळांच्या तक्त्यात पानात 0.7 टक्क्याच्या वर गेलं की अति धरतात, मी पण तोच आकडा समोर ठेवतो.

आधी आम्ही सिल्व्हर नायट्रेटचं टायट्रेशन करायचो, म्हणजे ते थोडं थोडं सोडत रंग बदलेपर्यंत किती लागलं ते मोजायचं, पोटॅशियम क्रोमेट टाकून, मोहरची पद्धत. पाण्याला ती झकास आहे. पानाच्या अर्काला वैताग आहे, कारण अर्कच चहासारखा तपकिरी, त्यात क्रोमेट पिवळं आणि त्यात विटकरी रंगाची पहिली छटा शोधायची म्हणजे काळ्या रानात काळी म्हैस. शिवाय आमचा अर्क नायट्रिक ॲसिडातला, मोहरला ॲसिड चालत नाही, म्हणून आधी सोडा टाकून उदासीन करा मग करा. माझा एक आकडा आणि आमच्या पोराचा एक आकडा, दोघांत पंधरा-वीस टक्के सहज. म्हणून इलेक्ट्रोड घेतलं. मीटर आधीचंच होतं, मिलिव्होल्ट दाखवणारं. इलेक्ट्रोड 17,000 ला पडलं, कॉम्बिनेशन, म्हणजे रेफरन्स (ज्याच्याशी तुलना करून व्होल्टेज मोजतात ते दुसरं इलेक्ट्रोड) त्यातच. विकणाऱ्याचं नाव घेत नाही, पुढं कळेल काहून.

आता मुद्द्याचं. हे यंत्र क्लोराइड मोजत नाही हो, व्होल्टेज मोजतं. टोकाला सिल्व्हर क्लोराइड आणि सिल्व्हर सल्फाइड दाबून केलेली काळपट टिकली असते, तिच्यावर द्रावणातल्या क्लोराइडप्रमाणं व्होल्टेज तयार होतं, आणि क्लोराइड दहापट झालं की 25 अंशाला मिलिव्होल्ट 59 नं खाली उतरतात, यालाच स्लोप म्हणतात. दहापटीला फक्त 59! म्हणजे 1 मिलिव्होल्ट इकडं तिकडं झाला की आकडा 4 टक्के हलतो आणि 5 हलले की 21 टक्के. डब्यावरचे 2 टक्के पाहिजेत तर अर्धा मिलिव्होल्टसुद्धा हलायला नको, आणि आमच्या शेजारी वेल्डिंगचं दुकान आहे, तिकडं मशीन चालू झालं की माझ्याकडं आकडे नाचतात. तुमचं मीटर थेट पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) दाखवत असलं तरी मिलिव्होल्ट बघायची सवय लावा, पीपीएमचा आकडा दिसायला गोंडस असतो पण तो लपवतो लई.

आमची रीत अशी. पान वाळवून दळून पूड, 0.5 ग्रॅम पूड 50 मिली पातळ नायट्रिक ॲसिडात अर्धा तास हलवायची आणि गाळायची. क्लोराइड पानात कशाला घट्ट चिकटून बसलेलं नसतं, पाण्यात सहज उतरतं, त्यामुळं जाळून राख वगैरे करायच्या भानगडीत पडू नका, उलट नुसतं जाळलं तर क्लोराइड उडून जातं. या हिशोबानं पानात 0.5 टक्का असलं तर अर्कात 50 पीपीएम येतं. स्टँडर्ड, म्हणजे यंत्र जुळवायला माहितीतल्या ताकदीची द्रावणं, 10, 100 आणि 1000 पीपीएमचे, वाळवलेलं सोडियम क्लोराइड 1.648 ग्रॅम एका लिटरमध्ये म्हणजे 1000. हे सगळं सोपं आहे. घरचं मीठ वापरू नका एवढंच, त्यात आयोडीन टाकलेलं असतं आणि ओल पण धरलेली असते.

तर पहिला झटका. इलेक्ट्रोड आलं ते बाहेरचा कप्पा रिकामा, सोबत त्यात भरायच्या द्रावणाची बाटली नाही, मॅन्युअल म्हणजे एका कागदाची घडी. फोन केला तर तिकडचा पोरगा म्हणतो "सर पीएचवालंच भरा, सगळ्याला तेच चालतंय." मी पण भरलं. मायला, पीएचवालं (पीएच म्हणजे आंबटपणा मोजायच्या इलेक्ट्रोडात भरतात ते) म्हणजे 3 मोलर पोटॅशियम क्लोराइड! क्लोराइड मोजायच्या यंत्रात क्लोराइडच भरून ठेवलं आणि ते खालच्या जाळीतून बारीक बारीक पाझरणारच, त्याचं कामच ते आहे. पहिले पंधरा-वीस दिवस मला कळलंच नाही. स्टँडर्ड दोन-दोन मिनिटांत उरकायचो त्यामुळं ते बरे यायचे, स्लोप पण 55-56. फक्त सॅम्पलचं रीडिंग थांबायचं नाही, सरकतच राहायचं, मला वाटायचं पानाच्या अर्काला स्थिर व्हायला वेळ लागत असेल, म्हणून मी आणखी वेळ द्यायचो. म्हणजे रोगावर रोगच पाजत होतो.

उघडं पडलं ते लाइट गेली म्हणून. एका काकांच्या मोसंबीच्या पानांचा अर्क लावला होता, इलेक्ट्रोड बीकरमध्ये, तेवढ्यात लाइट गेली, इन्व्हर्टरची बॅटरी उतरलेली, मी गेलो समोर चहाला. वीस-पंचवीस मिनिटांनी येऊन बघतो तर आकडा 112 पीपीएम, म्हणजे पानात 1.12 टक्का. मी काकांना फोनवर सांगून पण टाकलं की लई आहे, त्या बोअरचं पाणी बंदच करा. रात्री डोक्यात किडा वळवळला, सकाळी नुसतं ॲसिड, पान नसलेलं, बीकरमध्ये घेतलं आणि इलेक्ट्रोड तसंच अर्धा तास सोडलं. काही नसलेल्या पाण्यात वीसच्या वर पीपीएम! मग हिशोब केला. 3 मोलरमध्ये क्लोराइड एक लाख सहा हजार पीपीएम असतं, त्याचा थेंबाचा चौथा हिस्सा 50 मिलीमध्ये पडला तरी पंचवीसेक पीपीएम वाढतात. थेंबाचा चौथा हिस्सा, डोळ्याला दिसत पण नाही.

बाहेरच्या कप्प्यात 10 टक्के पोटॅशियम नायट्रेट लागतं. ते भरलं, तीन वेळा रिकामं करून धुऊन, आणि रीडिंग दीड-दोन मिनिटांत गप बसायला लागलं. आता त्या बाटलीवर मी लाल चिकटपट्टी लावून ठेवलीय आणि पीएचची बाटली दुसऱ्या कपाटात.

पण मग खरं किती होतं? काकांचा अर्क थोडा उरला होता. इथं मला या वस्तूची सगळ्यात चांगली बाजू कळली जी विकणारा सांगतच नाही. याच इलेक्ट्रोडनं सिल्व्हर नायट्रेटचं टायट्रेशन करता येतं. रंग बघायचा नाही, अर्कात इलेक्ट्रोड ठेवायचं, ब्युरेटनं (खुणा असलेल्या तोटीच्या नळीनं) 0.01 नॉर्मल सिल्व्हर नायट्रेट थोडं थोडं सोडायचं आणि मिलिव्होल्ट लिहायचे. आधी हळूहळू वाढतात, दोन-तीन करत, मग एका जागी टुणकन उडी घेतात, तीच शेवटची खूण. अर्क चहासारखा असो की काढ्यासारखा, फरक पडत नाही, ॲसिड असलं तरी चालतं, आणि मुख्य म्हणजे स्लोप 59 आहे का 52 याच्याशी काही देणंघेणं नाही, कारण आपण मिलिव्होल्टची किंमत धरत नाही, उडी कुठं आली ते बघतो. पाझरायचं दुखणं तेवढं राहतं पण नायट्रेट भरल्यावर तेही गेलं. 25 मिली अर्काला 6.06 मिली लागलं, 1 मिलीला 0.3545 मिलिग्रॅम क्लोराइड, म्हणजे 86 पीपीएम, पानात 0.86 टक्का. मी फोनवर 1.12 सांगितलं होतं. काकांना परत फोन करून कबूल केलं. ते म्हणले "म्हंजे तुमच्याकडचंच मीठ आमच्या पानात घातलं की हो सर." काय बोलणार.

0.86 पण जास्तच आहे म्हणा, सल्ला तोच राहिला, पण बाजूच्याचं 0.6 असतं आणि मी 0.86 सांगितलं असतं तर चांगली बाग उगाच पाण्यावाचून ठेवली असती. 2012 च्या दुष्काळात इथल्या मोसंबीच्या बागा सरपणाला गेलेल्या बघितलेल्या माणसाला पाणी बंद करा असं सांगताना जीभ जड होते.

तेव्हापासून दर दहा सॅम्पलला एक मी टायट्रेशननं ताडून बघतो. थेट वाचलेला आकडा आणि टायट्रेशनचा आकडा यात आता 3 ते 8 टक्के फरक असतो, कधी वर कधी खाली. टायट्रेशन स्वतःशी एखाद-दुसऱ्या टक्क्यात जुळतं. म्हणजे 0.3 आहे का 0.9 हे थेट रीडिंग बिनधास्त सांगतं, 0.68 का 0.72 हे सांगत नाही, आणि जो कुणी रिपोर्टवर 0.7134 टक्के छापून देतो त्याच्याकडून मीटरच्या मिलिव्होल्टची वही मागा एकदा. तुम्ही म्हणाल मग सगळंच टायट्रेशन करा, तर सिल्व्हर नायट्रेट म्हणजे चांदी आहे, भाव तुम्हाला माहितीय, आणि एका सॅम्पलला वीस मिनिटं जातात, वरून बोटं काळी होतात ती आठ दिवस जात नाहीत, लग्नाच्या सीझनला घरचे बोलतात.

दुसरी मोठी चूक जी मी केली नाही पण एका ओळखीच्या लॅबवाल्यानं केली, स्टँडर्ड साध्या डिस्टिल्ड पाण्यात बनवले आणि अर्क 0.1 नॉर्मल ॲसिडातला. इलेक्ट्रोडला किती क्लोराइड आहे ते कळत नाही, किती मोकळं फिरतंय ते कळतं. साध्या पाण्यात क्लोराइड मोकाट, ॲसिडात म्हणजे आठवडी बाजारात, इतर आयनांची गर्दी, धक्के खात चालणार. त्यामुळं तेवढंच क्लोराइड असून आकडा वीसेक टक्क्यांनी कमी येऊ शकतो. उपाय सोपा आहे, दोन्हीकडं सारखी गर्दी करा. स्टँडर्ड त्याच ॲसिडात बनवा किंवा दोन्हीत 100 मिलीला 2 मिली 5 मोलर सोडियम नायट्रेट टाका. हे किटमध्ये द्यायला पाहिजे होतं, दिलेलं नाही, वेगळं विकत घ्या म्हणे. यासाठी एक स्टार कापला.

तापमानाचं पण ऐका. मराठवाड्यात मे महिन्यात सकाळी लॅबमध्ये 29 आणि दुपारी 39. सकाळी स्टँडर्ड लावून दुपारी सॅम्पल वाचले तर गेलंच, एका अंशाला साधारण दोन टक्के धरा. स्लोप पण बदलतो, 25 ला 59.2 आणि 40 ला 62.1. मीटरचं तापमानाचं बटण फक्त स्लोप सांभाळतं, बाकीचं नाही. आणि एक बारीक गोष्ट, मॅग्नेटिक स्टिररची मोटर गरम होते आणि वरचा बीकर तापवते, पहिल्या सॅम्पलला नाही कळत, आठव्याला तीन-चार अंश वर गेलेला असतो. बीकरखाली थर्माकोलचा तुकडा ठेवा, मी लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा ठेवतो, त्याचं पण चालतं.

पाण्याचं काय सांगू. जारवाल्याचं आरओ पाणी वापरू नका, त्यात क्लोराइड असतंच, माझ्याकडच्या जारात 20 च्या वर निघालं. आणि हात! उन्हाळ्यात घामेजलेल्या हातानं पूड चिमटीत धरून वजन केलं की घामातलं मीठ त्यात गेलंच. आमच्या पोराचे आकडे माझ्यापेक्षा नेहमी जास्त यायचे त्याचं निम्मं कारण हेच होतं, हातमोजे घातल्यापासून आम्ही दोघं जुळायला लागलो. काचेची भांडी हायड्रोक्लोरिक ॲसिडनं धुवायची सवय असेल तर ती पण सोडा, त्या खोलीत नकोच ते.

कांद्याचा किस्सा. वैजापूरकडून एकजण कांद्याची पात घेऊन आला, मला वाटलं पात काय आणि पान काय. चार सॅम्पल वाचले आणि इलेक्ट्रोड आळसावलं, रीडिंगला पाच-पाच मिनिटं, दुसऱ्या दिवशी स्लोप 49. कांदा-लसणात गंधकाची संयुगं, टिकलीत चांदी, आणि चांदीला गंधक म्हणजे जुनं वैर, घरातली चांदीची समई काळी पडते तसंच. सोबत आलेल्या पॉलिश पट्टीवर टिकली ओली करून हलक्या हातानं गोल घासली, वीस-तीस सेकंद, मग पातळ स्टँडर्डमध्ये तासभर, स्लोप 56 वर आला. पट्टी दिली होती हे मात्र चांगलं केलं. कांद्याला आता मी नाहीच म्हणतो. ब्रोमाइड आणि आयोडाइड पण याला फसवतात पण आपल्या पानांत त्यांचं प्रमाण नगण्य, काळजी नाही. दवाखान्यात रक्तातलं क्लोराइड मोजायची मशीन पण आयन इलेक्ट्रोडवरच चालतात, आणि ब्रोमाइड असलेली औषधं घेणाऱ्या पेशंटचं क्लोराइड तिथंही खोटं वाढलेलं दिसतं, म्हणजे ही खोड फक्त आमच्या यंत्राची नाही.

एवढं सगळं करून सुद्धा सगळ्यात मोठी चूक यंत्रात नसतेच, पिशवीत असते. क्लोराइड पानाच्या शेंड्याकडं साठतं. शेतकरी करपलेली पानंच निवडून आणतात कारण त्यांना वाटतं डॉक्टरला दुखरा भाग दाखवावा. मी मुद्दाम एकाच झाडाची करपलेली आणि हिरवी पानं वेगळी केली, करपलेल्यात हिरव्याच्या दुप्पट निघालं. आता कुठला आकडा खरा म्हणायचा? मोसंबीला चार-पाच महिन्यांची, फळ नसलेल्या फांदीची, अख्खी पानं, बागेत फिरून सगळ्या बाजूंनी घ्या. धुवायची तर झटपट, भिजत ठेवली तर क्लोराइड पाण्यात उतरून जातं. आणि खुंट (ज्या झाडावर कलम बांधलंय ते) कुठला ते सांगा, रंगपूर लिंबाच्या खुंटावरची झाडं क्लोराइड बऱ्यापैकी अडवतात, जंबेरीवरची नाही, त्यामुळं एकाच विहिरीच्या दोन बागांचे आकडे वेगळे आले तर लगेच लॅबवाल्याला शिव्या घालू नका. खतात म्युरेट ऑफ पोटॅश टाकलं असेल तर ते पण सांगा, त्यात 47 टक्क्याच्या आसपास क्लोराइडच असतं.

कुणी घ्यावं? ज्याच्याकडं रोज पाच-दहा पान-देठाचे किंवा पाण्याचे सॅम्पल येतात आणि आठवड्यातून एकदा टायट्रेशन करायची तयारी आहे त्यानं डोळे झाकून घ्या. एखाद्या शेतकऱ्यानं स्वतःसाठी घ्यायचं म्हणलं तर नको, कपाटात वाळून जाईल. ते खिशात मावणारे मिठाचे मीटर काहीजण दाखवतात, त्यातले बरेच सोडियम किंवा विद्युतवाहकता मोजून मीठ सांगतात, पानाला त्याचा उपयोग नाही. वस्तूला साडेतीन स्टार, पॉलिश पट्टीमुळं आणि टायट्रेशनमुळं. सर्व्हिसला एक. तो पण फोन उचलतात म्हणून.

गेल्या आठवड्यात पोटॅशियम नायट्रेट संपत आलं म्हणून त्यांच्याकडंच फिलिंग सोल्युशन मागवलं, फोनवर तीनदा सांगितलं क्लोराइडच्या इलेक्ट्रोडसाठी पाहिजे, नायट्रेटवालं पाहिजे, पोरगा म्हणला "हो सर, तेच पाठवतो." परवा डबा आला. बाटलीवर ठळक अक्षरात पोटॅशियम क्लोराइड, 3 मोलर. परत पाठवलंय, पैसे अजून आले नाहीत.